मावशीच्या पोटातलं विवर

मिरची सोडली, लोणचं सोडलं, चहासुद्धा सोडला, तरी सुनेत्रामावशीचं पोट दुखायचं थांबेना. उलट जास्तच दुखायला लागलं. असं कसं होईल? चैत्रालीला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

देवगडच्या किनाऱ्यापासून बरंच आत, भर समुद्रात 'जलमळा' नावाचं एक तरंगतं केंद्र होतं. तिथे समुद्रशेवाळाची शेती चाले. मावशी त्या केंद्राची प्रमुख आणि तिथली छोटी पाणबुडी चालवणारीही तीच. चैत्राली सुट्टीत तिच्याकडे आली होती ती एकाच ओढीने. रविवारी मावशी समुद्राच्या तळाशी जाणार होती, आणि पाणबुडीतली दुसरी खुर्ची चैत्रालीला मिळणार होती!

पण मावशीचं काहीतरी बिनसलं होतं. पोट रिकामं झालं की बेंबीच्या वर कुणीतरी कुरतडतंय असं तिला वाटे. चार घास मऊ भात आणि पेलाभर थंड दूध घेतलं की जरा बरं वाटे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिच्या कपाटात मध होता, कोबीच्या रसाच्या बाटल्या होत्या, कसली कसली चूर्णं होती. शिवाय खांदा दुखायचा म्हणून ती रोज एक वेदनाशामक गोळी घ्यायची, तीही कधी कधी उपाशीपोटी.

"पित्त झालंय गं, दुसरं काही नाही," ती म्हणायची. "पण टिटवीला काही बोलू नकोस हं!"

टिटवी म्हणजे केंद्रावरची आरोग्यरक्षक यंत्रमानव. काटकुळ्या पायांवर ती दिवसभर इकडून तिकडे टकटक करत फिरायची. तिने एखाद्याला 'अनफिट' ठरवलं, की त्याच्यासाठी पाणबुडीचं दारच उघडत नसे.

शुक्रवारी सकाळी मावशी आणि चैत्राली शिडी चढून गच्चीवर निघाल्या होत्या. अर्ध्यावर मावशी थांबली. कठडा घट्ट धरून ती धापा टाकत होती. चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"काही नाही. दम खाऊ दे जरा," ती म्हणाली.

चैत्रालीच्या छातीत धडधडायला लागलं. मावशी कामाला गेल्यावर चैत्राली तडक टिटवीकडे गेली.

"टिटवी, एक विचारू? सहजच हं. आपल्या पोटात ॲसिड असतं ना? मटण खाल्लं तर ते मटण पचवतं. मग पोटही मांसाचंच असताना ते स्वतःला का पचवत नाही?"

"झकास प्रश्न!" टिटवी म्हणाली. "जठराच्या (म्हणजे अन्नाच्या पिशवीच्या) आतल्या बाजूला एक बुळबुळीत थर असतो. त्याला श्लेष्मल थर (शेंबडासारखा चिकट लेप) म्हणतात."

"शी!"

"शी काय? तो लेप आहे म्हणून तर तुझं पोट शाबूत आहे. तो आम्लाला (ॲसिडला) भिंतीपर्यंत पोचूच देत नाही. पण लेप विरला, की आम्ल भिंतीला भिडतं आणि तिथे खड्डा पडतो. तोच व्रण (आतली जखम). लोक त्याला अल्सर म्हणतात."

"मिरचीने पडतो तो खड्डा?"

"छे! जखमेवर मिरची झोंबेल, पण खड्डा ती खणत नाही. खणणारे बहुतेक वेळा दोघंच. एक असतो हेलिकोबॅक्टर नावाचा पिळदार जंतू. दुसरी असते काही जातीची वेदनाशामक गोळी. लेप तयार करायला शरीर एक संदेशद्रव्य (निरोप पोचवणारं रसायन) वापरतं. दुखण्याचा निरोपही त्याच जातीचं द्रव्य नेतं. गोळी त्यालाच अडवते. दुखणं थांबतं, पण लेपाचं कामही थंडावतं. अशी गोळी रोज घेतली तर बघायलाच नको."

"आणि दूध? दुधाने बरं वाटतं ना?"

"घटकाभर. मग त्याच दुधामुळे जठर आणखी आम्ल सोडतं."

"खड्डा खूप खोल गेला तर?"

"तर तो रक्तवाहिनीपर्यंत पोचतो आणि आतल्या आत रक्त वाहायला लागतं. माणूस पांढरा पडतो, त्याला धाप लागते, चक्कर येते, शी डांबरासारखी काळी होते. मग मात्र ताबडतोब इस्पितळ गाठायचं." टिटवीचे दिवे लुकलुकले. "कोणाबद्दल विचारते आहेस?"

"कोणाबद्दल नाही. सांगितलं ना, सहज."

ती तिथून पळालीच. केंद्राच्या कडेकडेने तिने फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. मध्येच बसली, लगेच उठली. सांगितलं तर मावशी कायमची रागावेल, आणि तळाशी जाणंही हुकेल. ती तर महिनाभर त्याच्याच स्वप्नात होती. पण नाही सांगितलं, आणि खोल पाण्यात मावशीला चक्कर आली तर? पाणबुडी वर कोण आणणार?

शेवटी ती मावशीकडे गेली. मावशी पाणबुडीच्या बॅटऱ्या तपासत होती.

"मावशी, तुझी शी काळी होते का?"

मावशीच्या हातातला पाना थबकला. "हे काय भलतंच?"

"सांग ना!"

मावशी पायरीवर टेकत म्हणाली, "परवापासून. म्हटलं, एवढा रविवार होऊ दे. मग बघू."

"मी टिटवीला बोलावते. तुझ्या मागे नाही, समोरच."

"बोलावलंस तर तुझंही जाणं रद्द होईल. तुला जायचं नाही का तळाशी?"

"जायचंय," चैत्राली म्हणाली. "पण तुझ्याबरोबर वरही यायचंय." आणि तिने पूर्ण ताकदीने हाक मारली, "टिटवी!"

टिटवीने मावशीची खालची पापणी ओढून पाहिली, नाडी पाहिली आणि लगेच किनाऱ्यावरची जलद नाव मागवली.

इस्पितळात डॉ. खवणेकर म्हणून एक बाई होत्या. त्यांनी मावशीला 'काजवा' गिळायला दिला. काजवा म्हणजे गोळीएवढा कॅमेरा. बाहेरून चुंबकाने त्याला हवं तिकडे नेता यायचं. पडद्यावर गुलाबी, ओलसर भिंती सरकू लागल्या. आणि मग ते दिसलं. चंद्रावर असतं तसं विवर! काठ लालभडक, तळ पांढुरका, आणि मधल्या एका ठिपक्यातून रक्त झिरपत होतं. काजव्याने तिथे बारीक पूड फवारली. पूड रक्तात भिजून घट्ट झाली आणि झिरपणं थांबलं.

पुढची परीक्षा तर गमतीचीच होती. मावशीला एक पेय प्यायला दिलं आणि थोड्या वेळाने एका पिशवीत फुंकर मारायला सांगितलं.

"पेयात युरिया आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातल्या कार्बनवर आम्ही ओळखखूण करून ठेवली आहे. आपलं जठर युरिया फोडत नाही. पण तो पिळदार जंतू फोडतो. त्यातून अमोनिया बनवतो आणि आम्लाला मारणारं कवच स्वतःभोवती तयार करतो. म्हणून तर तो एवढ्या आम्लात टिकतो! युरिया फुटला, की आपला खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो."

पिशवीत खुणेचा कार्बन सापडला. म्हणजे मावशीच्या पोटात खणणारे दोघंही होते, जंतूही आणि गोळीही.

रविवारी किनाऱ्यावरून बोलावलेला दुसरा चालक एकटाच पाणबुडी घेऊन तळाशी गेला. चैत्राली इस्पितळातल्या बाकावर पाय हलवत बसली होती. मावशी तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. डॉक्टर आल्यावर मात्र मावशीने विचारलं, "काय खाल्लं म्हणजे हा खड्डा भरेल? मध? कोबीचा रस?"

"खड्डा तुमचं शरीरच भरेल. आपण फक्त खणणाऱ्यांना हाकलायचं. जंतूसाठी प्रतिजैविकं (जंतू मारणारी औषधं), ती मध्येच सोडायची नाहीत. आम्ल कमी करायला वेगळी गोळी. आणि खांद्याची ती गोळी बंद! खांद्यासाठी व्यायाम."

"मग खाण्यापिण्याचा काहीच उपयोग नाही?" चैत्रालीने विचारलं.

"आहे की! भिंत बांधायला गवंड्याला विटा लागतातच. डाळ, भाजी, फळं, पोळी-भात, सगळं वेळच्या वेळी. रक्त गेलंय, म्हणून काही दिवस लोहाची गोळी, तीही मी सांगेन तेवढीच. प्रतिजैविकांनी पोट बिघडू नये म्हणून दही. जे खाऊन जळजळतं ते तूर्त नको. मध हवा तर खा, पण औषधाच्या जागी नाही. तंबाखू, दारू दूर. आणि पुरेशी झोप. काळजीने खड्डा पडत नाही सहसा, पण भरायला वेळ लागतो."

मावशीने खांद्याच्या व्यायामाला भरपूर नाकं मुरडली. पण केला. घड्याळ बघून जेवायलाही शिकली.

शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर ती पुन्हा तपासणीला आली, तेव्हा चैत्राली हट्टाने बरोबर गेली. या वेळी पिशवीत खुणेचा कार्बन सापडला नाही. जंतू गेले होते! काजवा पुन्हा आत उतरला. विवर होतं तिथे आता फिकट गुलाबी, चकचकीत कातडी होती.

"नवीकोरी!" डॉक्टर म्हणाल्या. "जठराचं अस्तर असं सतत नवं होतच असतं. थोड्या थोड्या दिवसांनी जुन्या पेशी जातात, नव्या येतात."

"आत्ता माझ्याही पोटात?"

"आत्तासुद्धा."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. मग चैत्रालीचा हात ओढून तिने तो पडद्यावरच्या त्या गुलाबी ठिकाणी टेकवला. "तू ओरडली नसतीस, तर हे दिसलं नसतं," ती हळूच म्हणाली. चैत्रालीने नाक पुसलं आणि घाईघाईने डॉक्टरांना विचारलं,

"जंतू पोटात शिरायच्या आधीच त्याला अडवणारी लस का नाही?"

"शोधताहेत. अजून नीट जमलेली नाही."

"का नाही जमत?"

डॉक्टर हसल्या. "तो लेपाच्या आत दडून बसतो. तिथे आपल्या सैनिक पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) सहज पोचत नाहीत."

"मग लेपातच राहणारे सैनिक तयार केले तर?"

खाली धक्क्यावर नावेचा भोंगा वाजला. परतायची वेळ झाली होती. मावशीने फोन उचलला आणि नाववाल्याला म्हणाली, "थोडं थांबा हो. पोरीचे प्रश्न अजून संपायचे आहेत."