काठ नसलेलं तळं

काठ न्हाई, घाट न्हाई, तळं भरलं निळं गं
दुपारच्या आत बाई, कोन पिलं जळ गं

भावनाच्या कानात हा आवाज सतरा वर्षं राहत होता. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची तेव्हा म्हणायची. नऊ वर्षांची भावना बांधावर बसून विचारायची, असं कसलं गं तळं, दुपारी आटणारं? आई कपाळावरचा घाम मनगटानं पुसत हसायची. "दिसल तुला एक दिवस. तवा कळल." त्याच पावसाळ्यात आई तापानं गेली. कोडं तसंच राहिलं, पदराला मारलेली गाठ कुणी न सोडताच निघून जावं तसं.

आता भावना सव्वीस वर्षांची होती आणि तिचं सगळं काम आभाळातून चालायचं.

जालन्यात, नव्या मोंढ्याजवळ, बियाण्याच्या एका दुकानाच्या वर आठ संगणकांचं ऑफिस होतं. ऑनलाइन नकाशावर पृथ्वीचे जे फोटो दिसतात, त्यांची निगा तिथं राखली जायची. जवळजवळ आठशे किलोमीटर वरून उपग्रह जायचा. दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. माणूस तिथं असता तर त्याच्या डोळ्याला जे रंग दिसले असते, त्याच रंगांत तो खालची जमीन टिपून न्यायचा. भावनानं त्यातले ढग काढायचे, एका दिवसाचा तुकडा दुसऱ्या दिवसाच्या तुकड्याला शिवण न दिसता जोडायचा, आणि यंत्र विचारील त्याला उत्तर द्यायचं. हे रान आहे का? हो. हा रस्ता आहे का? हो.

तीन वर्षं झाली, तरी रोजचा पहिला फोटो उघडताना तिचा श्वास जरा अडायचाच. काळी रानं, त्यात मोसंबीच्या बागांचे हिरवे टिपके, एमआयडीसीची करडी छपरं, दुधना नदीचं वळण… जणू कुणा बाईनं साऱ्या जिल्ह्याची गोधडी करून उन्हात वाळत घातली होती. आणि एवढ्या मोठ्या गोधडीत आवाज म्हणून कुठं नाही. ना मोटारीचा, ना माणसाचा. भावनाला वाटायचं, आई गेली ती बहुतेक इथूनच बघत असेल.

मे महिन्यात एका संध्याकाळी, ऑफिस सुटायला पाच मिनिटं होती, तेव्हा आष्टीजवळचा जानेवारीतला एक तुकडा तिच्यापुढं आला. काळ्या-हिरव्या रानांच्या मधोमध निळी चौकट. यंत्रानं विचारलं — हे पाणी आहे का?

भावनानं 'हो' दाबलं. नकाशावर त्या जागी 'तळे' असा शब्द उमटला. कानात काहीतरी हललंसं वाटलं तिला, पण खाली शेअर रिक्षा उभी होती, आणि ती गेली.

डिसेंबरात ती आष्टीला निघाली. मामेबहीण मोनालीच्या बाळाचं बारसं होतं. परतूरला ड्रायव्हर चहाला उतरला आणि गाडी अर्धा तास जागची हलली नाही. पुढच्या सीटवर तिशीच्या आतबाहेरचा एक जण कंडक्टरला आपलं गाऱ्हाणं सांगत होता. आवाज खालचाच, पण असा की मागच्या बाकापर्यंत सगळे कान देऊन बसले.

त्याचं दोन एकर रान होतं आष्टीच्या अलीकडं. त्यात त्याची आई दरसाल जवस पेरायची. आणि नकाशावर मात्र तिथं तळं. श्रावणात एक जण टेम्पोत मत्स्यबीज घेऊन आल्ता, मासे सोडायचे का विचारत. आई म्हणाली, सोड की बाबा, जवसात पवतील. मग जालन्याची चार पोरं खांद्यावर टॉवेल टाकून आल्ती. आता गावात कुणी त्यांचं आडनाव घेत नव्हतं. तळ्यावाले म्हणायचे.

अख्खी गाडी हसली. कंडक्टर तर तिकिटांची पेटी पोटाशी धरून हसला.

भावनाचा हात खिडकीच्या गजावर तसाच राहिला.

"कोन आसल तो, तळं काढणारा," तो माणूस म्हणाला. "एकदा आमच्या बांधावर उभं करायचंय त्याला." आणि सहज मान वळवल्यासारखा तो तिच्याकडं वळला. डोळे शांत, भुवई थोडी वर. "तुम्हाला काय वाटतं, मॅडम?"

तेव्हाच सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण गाडीभर माणसं अजून हसत होती, आणि त्याच्या डोळ्यांत राग असता तर सोपं गेलं असतं… राग नव्हता. भावना म्हणाली, की ती नकाशाच्याच ऑफिसात आहे, दुरुस्ती करता येईल, फक्त जागा बघावी लागेल.

तो तिच्याकडं क्षणभर जास्तच बघत राहिला.

"मंग या की," तो म्हणाला. "पर सकाळी या. दुपारी तळं नसतंय."

आपण काय बोललो हे त्याला ठाऊक नव्हतं. भावनाच्या मात्र मानेवरून वाऱ्याची झुळूक गेल्यासारखं झालं. दुपारच्या आत बाई, कोन पिलं जळ गं…

त्याचं नाव संघपाल. जालना एमआयडीसीत बियाणं साफ करण्याच्या कारखान्यात होता. शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे, हे त्याचं काम. सुट्टीला गावी यायचा.

बारसं लांबलं. भावना त्याच्या रानात पोचली तेव्हा दीड वाजला होता. रान गुडघाभर, फिकट हिरवं, गप्प. निळं कुठंच नाही. तिनं खाली बघितलं. काळ्या मातीवर नखाएवढ्या पाकळ्या पडल्या होत्या, कुणी निळी चिठ्ठी फाडून टाकावी तशा.

"जयभीम," म्हणत संघपालची आई गिरिजाबाई बांधावरून उठली. पाहुणी कोण ते कळल्यावर तिला भलताच आनंद झाला. म्हणाली, बाई, तळं बघाया आलीस आणि भर दुपारी? मामाकडं रहा आज. त्यानं सकाळचंच सांगितल्तं ना तुला?

"सांगितल्तं," संघपाल म्हणाला. "पर ऑफिसातली माणसं वरून बघून राह्यली. त्यांना खालचं घड्याळ कुठलं ठाऊक."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता भावना बांधावर चढली, आणि तिथंच थांबली.

निळं. आभाळासारखं म्हणावं तर आभाळाला इतकी माया नसते. पाण्यासारखं म्हणावं तर पाणी असं श्वास घेत नाही. दोन एकर फूल एकाच वेळी उघडलं होतं, आणि वारा आला की एका काठाकडून दुसऱ्या काठाकडं लाट जायची. पण काठ नव्हताच. जिथं जवस संपत होतं, तिथं ते निळं हवेत मिसळत होतं. भावनानं हात पुढं केला. बोट भिजेल असं तिला खरंच वाटलं.

आठशे किलोमीटरवरून जे दिसलं होतं ते हे होतं. आणि सतरा वर्षांपूर्वी आई ज्याच्याविषयी बोलत होती, तेही हेच. तिला एकाच वेळी दोन्हीकडून कुणी हाक मारल्यासारखं झालं. वरूनही, मातीतूनही. ती बांधावर बसली आणि आपोआप तिच्या तोंडून आईचे दोन चरण निघाले, कुजबुजल्यासारखे.

गिरिजाबाईच्या हातातलं खुरपं थांबलं. मग तिनं, जणू पोरीच्या हातून राहिलेलं काम पुरं करावं, तसं पुढचं म्हटलं —

वाऱ्यानं नेलं, भुईला दिलं, राहिलं बोंडुक कवळं गं
तेल देईल दिव्याला, माझं जवस सावळं गं

"पुढचं आहे?" भावनाला एवढंच विचारता आलं.

गिरिजाबाई म्हणाली, आहे तर. आमच्या वक्ताला समद्याच बाया म्हणायच्या. तुझी आय कुठल्या तरी रानात माझ्या शेजारच्या वळीलाच आसल, काय सांगावं.

भावनानं डोळे पुसले. संघपालनं बघितलं, आणि न बघितल्यासारखं करून जवसात शिरला. परत आला तेव्हा पाण्याचा तांब्या त्यानं तिच्याजवळ ठेवला.

मग रविवारची आष्टीची गाडी तिला पाठ झाली. मामा कारभारी म्हणायचा, पोरीला अचानक मामाची ओढ लागली.

अशाच एका रविवारी तिनं सांगितलं, की आज उपग्रह वरून जायचाय. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी. तिघंही मान वर करून उभे राहिले. नुसतं स्वच्छ, रिकामं आभाळ. गिरिजाबाईनं पदर नीट केला, फोटो निघायचा म्हणून. गेला का? गेला असेल. एवढं मोठं काहीतरी डोक्यावरून जातं, सारा मुलूख एका नजरेत घेतं, आणि पानही हलत नाही. मग गिरिजाबाई चहाचं बघायला खोपीकडं गेली.

"आपन दिसू का त्यात?" संघपालनं विचारलं.

"नाही. त्या फोटोतला एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद रान. तुमचं दोन एकर म्हणजे ऐंशीक ठिपके."

"मंग आपन दोघं?"

"दोघं… एकाच ठिपक्यात असू."

"आन येगळं दिसायचं आसल तर?"

"दहा मीटर लांब उभं राहावं लागेल."

संघपाल मापं घेतल्यासारखा पावलं मोजत लांब गेला. तेरा पावलांवर वळला. बघितलं. आणि तेरा पावलं मोजत परत आला, आधी होता त्याच्यापेक्षा एक पाऊल जवळ.

"न्हाई जमत," तो म्हणाला. "तिकडं लई एकटं वाटून राह्यलं."

भावनानं जवसाकडं तोंड फिरवलं, पण गालावरचं हसू बाजूनंही दिसतंच. तेवढ्यात त्यानं नेहमीचंच विचारलं, डोळ्यांत तोच शांत खोडकरपणा —

"सापडला का मंग तो तळं काढणारा?"

हसू गेलं. "शोधतेय," ती म्हणाली.

ऑफिसात तिनं 'तळे' हा शब्द कधीच काढून टाकला होता. चूक कुणाची, या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला तिला एक मिनिटही लागलं नव्हतं. वरिष्ठ रामप्रसाद सर म्हणाले, तो निळा तुकडाच बदला, शेजारच्या रानांशी जुळत नाही, दुसऱ्या एखाद्या महिन्याचा हिरवा लावा. त्यांच्याशी मात्र ती तासभर वाद घालत बसली. डोळ्याला दिसतो तसा रंग दाखवायचा, हेच आपलं काम ना? मग त्या रानाला वर्षातून महिनाभर, आणि तेही दुपारच्या आत, जो रंग येतो तो खोटा कसा? सर कंटाळले आणि निळं राहिलं.

तिथं एवढं बोलली. इथं दोन शब्द निघेनात. पहिल्या दिवशी लपवलं ती लाज होती. आता एवढे रविवार लपवलं, ते खोटंच झालं होतं. आणि संघपालनं एकदा सहज म्हटलं होतं, दाणा किडका असला तर चालतो, बाजूला काढता येतो. वरून चांगला दिसणारा पोकळ दाणा मात्र त्याला फसवतो. त्या दिवसापासून भावनाला त्याच्याकडं सरळ बघवत नव्हतं.

जानेवारी संपत आला. फुलं विरळ झाली, बोंडं धरली. गिरिजाबाईनं भावनाचा हात हातात घेऊन विचारलं, की माझ्या घरात येशील का? येत्या पुनवेला विहारात चार माणसं बसवू, तुझ्या मामाला बोलावू. आणि उत्तराची वाट न बघता, तिघांचा चहा ठेवते म्हणून खोपीकडं गेली.

साडेदहा व्हायला आले होते. उपग्रहाचा दिवस होता. जवसात शेवटची निळी फुलं इथं-तिथं राहिली होती, उत्सव झाल्यावर राहतात तशी.

"आई इचारून गेली," संघपाल म्हणाला. त्याचे हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नव्हतं. "मी बी… तेच इचारून राह्यलो, म्हणा."

भावनाचं काळीज इतकं वाजत होतं, की वरून जाणाऱ्याला तेवढंच ऐकू गेलं असतं.

"तुम्ही आधी तेरा पावलं लांब जा," ती म्हणाली.

"कशाला?"

"मी एक सांगणार आहे. ते ऐकल्यावर या ठिपक्यात यायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही आलात, तरी मी काही म्हणणार नाही."

तो गेला. पावलं मोजत, पाठमोरा. तेराव्या पावलावर वळून उभा राहिला. मध्ये वारा, मध्ये ती थोडीशी निळी फुलं.

"संघपाल… तळं काढणारा दुसरा कुणी नाही. ते तळं मी काढलं. मे महिन्यात, घरी जायची घाई होती म्हणून. बसमध्ये सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दर रविवारी सांगायला आले, आणि दर रविवारी तुमच्याकडं बघून… राहून गेलं."

एक फूल गळालं. मग त्यानं एक पाऊल टाकलं. दुसरं. भावना मनात मोजत होती, आणि सात झाल्यावर मोजायचं विसरली. तो समोर आला तेव्हा डोळ्यांत पहिल्या दिवशीची तीच शांत नजर होती, फक्त आता ती ओली होती.

"त्या दिवशी अख्खी गाडी हसली," तो हळू म्हणाला. "तू एकटी हसली न्हाईस, भावना. वर नकाशाच्या ऑफिसात हाये म्हणालीस. मला तवाच कळल्तं. म्हणून तर सकाळी ये म्हटलं. तुला बांधावर उभं करायचं होतं… आन तू आपल्या तोंडानं सांगशील, म्हणून वाट बघून राह्यल्तो."