रिकाम्या सॉकेटवरचे दीड अँपिअर

मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण एखादी गोष्ट समोरच्याच्या डोक्यात उतरेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, ही त्यांची जुनी खोड. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स आणि गुणलं की वॉट, एवढ्या दोन गणितांवर त्यांनी चाळीस वर्षं संसार ओढला. बायको पाहुण्यांसमोर म्हणायची, "लग्नाआधी मलाही मीटर लावून बघितलं असणार यांनी."

तिला जाऊन तीन महिने झाले होते. मुलगी त्यांना आपल्याकडे कायमचं न्यायला येणार होती. घर दुसऱ्याच्या हवाली करायचं तर वायरिंग नीट तपासून द्यावं, म्हणून आठवड्यापूर्वी मास्तरांनी सगळी बटणं बंद केली आणि बोर्डातल्या एकेका तारेभोवती टाँग टेस्टरचा चिमटा लावला. तारेतून किती करंट जातोय ते तारेला हात न लावता कळतं त्यात.

सगळीकडे शून्य. तिच्या खोलीच्या तारेवर दीड अँपिअर.

त्या तारेवर एकच सॉकेट होतं, पलंगाच्या उशाशी, आणि ते रिकामं. मास्तरांनी ते उघडलं. ओल नाही, जळकं काही नाही. तारा सोडवून टोकांना टेप गुंडाळला. पुन्हा चिमटा लावला, तर काटा दीडवरच.

दोनशे तीस भागिले दीड, एकशे त्रेपन्न ओहम. दोनशे तीस गुणिले दीड, तीनशे पंचेचाळीस वॉट. हा आकडा त्यांना तोंडपाठ होता. बायकोच्या ऑक्सिजनच्या मशीनमागच्या पट्टीवर तो लिहिलेला होता. मशीन भाड्याचं होतं, ती गेली त्याच आठवड्यात परत गेलं होतं.

मास्तर भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. त्यांनी संध्याकाळी सातपर्यंत वाट पाहिली. त्या वस्तीत रोज सातला व्होल्टेज पडायचं. हीटरसारखी साधी कॉइल असेल तर व्होल्टेज पडल्यावर करंटही उतरतो. मोटारीचं, अगदी ऑक्सिजनच्या मशीनमधल्याही, उलटं असतं. तिला दम टिकवायचा तर ती जास्त करंट ओढते.

सातला व्होल्टेज दीडशेवर आलं. काटा चढत चढत दोन पॉइंट तीनला थांबला.

मास्तरांनी तो आकडा दोनदा वाचला. नेमकी इथेच त्यांची चूक झाली होती. जन्मभर मोटारी हाताळणाऱ्या माणसाने मशीनसाठी बोर्डातल्या फ्यूजचा हिशेब कॉइलसारखा केला होता! व्होल्टेज पडलं की करंट कमीच होईल, असं धरून दोन अँपिअरच्या वर वितळणारी बारीक तार लावली, तीही मशीनला जपायचं म्हणून. ती गेली त्या संध्याकाळी ते औषध आणायला गेले आणि अर्ध्या तासाने परतले तेव्हा खोलीत काही आवाज नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मुलगी पोचण्याआधी मास्तरांनी जळकी तार काढली आणि चार अँपिअरची लावली. कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

त्यानंतर आठवडाभर ते रोज सातला मीटर धरून बसत. सॉकेटपाशी हात नेला की कोमट, दमट हवा लागायची.

मुलगी आली तेव्हा सहा वाजून गेले होते.

"बाबा, हे काय? बॅगा दारात आणि तुम्ही इथे?"

"ही लाइन बंद करून येता येत नाही मला."

"का?"

त्यांनी सगळं सांगितलं. बारीक तार, औषधाचा अर्धा तास, सगळं. ती डोळे पुसून त्यांच्या शेजारी बसली.

"आईला तुम्ही मारलं नाहीत, बाबा. पण असं मीटर घेऊन बसलात तर तुम्ही जाल." ती उठून बोर्डाकडे गेली. "हे बघा, मी बंद करते."

खटका खाली आला. काटा शून्यावर गेला. मास्तरांनी डोळे मिटले.

"बघा. झालं का काही?"

पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. तिने गळ्याशी हात नेला. तोंड उघडं होतं, छाती वर येत होती, आणि आत काहीच जात नव्हतं. ओठ निळे पडू लागले. आईचे पडले होते तसेच.

मास्तरांनी खटका वर ढकलला.

तिचा श्वास सुरू झाला. ती धापा टाकत आईच्या पलंगावर आडवी झाली.

"दगदग झाली," ती पुटपुटली. "सकाळी निघू. थोडी पडते."

मास्तरांनी चिमटा पुन्हा तारेभोवती लावला.

व्होल्टेज दोनशे तीस. करंट तीन अँपिअर.

सहाशे नव्वद वॉट, बरोबर दुप्पट. त्याला सातच्या दीडशे व्होल्टने भागलं की चार पॉइंट सहा. फ्यूजमधली तार चारची.

घड्याळात सातला दहा कमी होते. ड्रॉवरमध्ये जाड तारेचं रीळ होतं. ते हातात घेऊन मास्तर बोर्डापुढे उभे राहिले. मागे मुलगी संथ श्वास घेत होती.

तार बदलायची तर आधी फ्यूज उपसून लाइन बंद करावी लागते.