जागा आहे

मास्तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काम तसं साधंच. पेन ड्राइव्ह घ्यायचा, सही करायची आणि खालच्या मजल्यावर जाऊन भरती व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ स्वरयंत्रापर्यंत पोचली होती, म्हणजे स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. चाळीस वर्षं वर्ग दणाणून सोडणारा आवाज उद्यापासून बंद!

म्हणून तर गेले सहा दिवस ते रोज या खोलीत येऊन बसत होते. लेकीला सातवा महिना लागला होता. येणाऱ्या नातवंडासाठी आजोबा आपला आवाज भरून ठेवत होते. गोष्टी, पाढे, हाका, आणि एक "अरे लबाडा!", तेही तीन प्रकारच्या रागांत. सहाव्या दिवशी शेवटची गोष्ट कशीबशी संपली आणि आवाज पार बसला. आता गळ्यात छोटी पाटी अडकवून, बोलायचं ते लिहून बोलत.

हे काम बघणाऱ्या बाईंना सगळं हॉस्पिटल ताई म्हणायचं. ज्याचा आवाज गेलाय त्याला बोलायला शिकवायचं, ज्याचा जाणार आहे त्याचा आधी साठवायचा, ही तिची नोकरी. काचेची एक छोटी खोली, आत माइक, बाहेर एक म्हातारा कॉम्प्युटर.

पूर्वी त्या कॉम्प्युटरपाशी काका बसत. रेकॉर्डिंगचं सगळं तेच बघायचे. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, हात पोटावर, आणि अंगाला निलगिरीच्या तेलाचा वास. ताईचा आवाज बारीक म्हणून तिला चिमणी म्हणायचे. दुसऱ्या कोणाची तशी हिंमत नव्हती. ती आतून विचारायची, "काका, जागे आहात ना?" डोळे न उघडता उत्तर यायचं, "जागा आहे." आणि खरंच जागे असायचे. पेशंटचा एक आवंढासुद्धा त्यांच्या कानातून सुटत नसे. चौदा महिन्यांपूर्वी काका त्याच खुर्चीत गेले. डोळे मिटून बसलेत, असंच त्या दिवशीही सगळ्यांना वाटलं होतं.

ताईने मास्तरांचं फोल्डर उघडलं. एकवीस फाइली. प्रत्येकीपुढे आकार: शून्य.

तिने एकेक उघडून पाहिली, नुसती नावंच. कोपऱ्यात लाल पट्टी होती: डिस्क भरली आहे. आठवडाभर ती पट्टी येत होती आणि ताई "नंतर बघू" म्हणत ती बंद करत होती. काकांचा एक नियम होता, भरलेलं ऐकवल्याशिवाय माणसाला घरी सोडायचं नाही. बाहेर रांग लागलेली असायची, म्हणून ताईने सहाही दिवस तो मोडला होता. आता मास्तरांना काय सांगायचं, कुठल्या तोंडाने?

"मास्तर, पाच मिनिटं हं," ती हसून म्हणाली. हसू कसलं, रडूच ते.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "सावकाश. मला कुठे बोलायचंय!"

ते वाचून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"डिस्क पाचशे जीबीची, माझ्या सगळ्या फाइली मिळून शंभर भरत नाहीत. मग बाकीची जागा खाल्ली कोणी?"

"लपून बसलंय कुणीतरी," तो म्हणाला. "सेटिंगमध्ये जा, 'लपवलेल्या फाइली दाखवा' करा. हां. आता सगळ्यात गलेलठ्ठ कोण दिसतंय?"

एक फिकट फोल्डर वर आलं होतं. चारशे जीबी. ताईने नाव वाचून दाखवलं, "जागा आहे."

"घ्या! नावच सांगतंय की. खुर्चीवर पिशवी ठेवून जागा अडवतात ना, तसं कुणीतरी अडवून ठेवलंय. उडवा ते. पण त्या शून्यवाल्या फाइली विसरा, ताई. त्या कधी लिहिल्याच गेल्या नाहीत."

ताईने ते फोल्डर निवडलं. कॉम्प्युटरने विचारलं, "'जागा आहे' कायमचं काढून टाकायचं?" बोट 'हो'वर गेलं. सवयीप्रमाणे ती प्रश्न ओठांतल्या ओठांत वाचत होती... आणि ते दोन शब्द तिच्या तोंडून काकांच्या चालीत निघाले. जड, ओढलेले, आळसावलेले.

तिचं बोट जागीच थिजलं. अगं बाई... ही रिकामी जागा नव्हेच. हा जागा म्हणजे, न झोपलेला!

टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. खुर्ची करकरल्यासारखा... ती तर उभी होती. मागची खुर्ची रिकामी होती. निलगिरीचा वास मात्र हळूहळू, कुणी दार लोटून आत यावं तसा, जवळ आला.

तिने 'नाही' दाबलं आणि फोल्डर उघडलं. दिवसागणिक, पेशंटागणिक फाइली. चौदा महिन्यांपूर्वी त्या थांबायला हव्या होत्या. थांबल्या नव्हत्या. सगळ्यात खाली मास्तर होते, एकवीसच्या एकवीस. एकही शून्य नव्हती.

तिने हेडफोन मास्तरांच्या कानाला लावले. खणखणीत आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला, "आलास का रे बाळा? मी तुझा आजोबा. आधी कान धुऊन ये, मग गोष्ट!"

मास्तरांचे डोळे भरले. लिहिलं, "हा मीच होतो?" ताई हसतही होती आणि पदराने नाकही पुसत होती.

या वेळी तिने सगळं ऐकवलं. रांग थांबली तर थांबू दे. शेवटच्या फाइलीत गोष्ट संपली, काचेचं दार लागलं, दोघांची पावलं दूर गेली. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, माइकच्या अगदी जवळ... "जागा आहे."

मास्तरांनी दचकून पाटी उचलली. "हे कोण?"

"आमचे काका," ती म्हणाली. तिच्या अंगावर काटा होता, पण तो भीतीचा नव्हे. "दिसायला झोपाळू आहेत जरा."

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

ताईने रिकाम्या खुर्चीला हात जोडले. "काका, फार उपकार झाले हो."

संध्याकाळी कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला, "त्यांनी जाण्यापूर्वी दुसरी प्रत काढायची सोय करून ठेवली असेल. त्या प्रतींनीच डिस्क भरली."

"भरली ना? मग भरल्यावरच्या सहा दिवसांच्या प्रती मावल्या कुठे?"

"...येऊन बघतो," तो म्हणाला. अजून यायचाय.

ताईने माइकची वायर काढून कपाटात ठेवली आणि खोलीला कुलूप लावून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडलं, तर 'जागा आहे'मध्ये नवी फाइल होती. मास्तर, पावणेतीन तास. तिने शेवटचा भाग लावला. नाडी दाखवणाऱ्या यंत्राची टिकटिक चालू होती. ती लांबत गेली... थांबली. धावपळ. आणि सिस्टरचा घाबरा आवाज, "मास्तर! जागे आहात का? मास्तर!"

मग तोच जड, आळसावलेला आवाज,

"जागा आहे."

टिकटिक पुन्हा सुरू झाली.

ताई जिने उतरत खाली धावली. सिस्टर म्हणाली, "अगं, शुद्धीवर येताना मिनिटभर नाडीच लागेना! हाका मारल्या नि आली बघ परत. पण तुला कोणी सांगितलं?"

मास्तर पडल्या पडल्या डोळे उघडून बघत होते. गळ्याला पट्ट्या होत्या. त्यांनी ताईचा हात दाबला. आयुष्यात एवढं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

वर येऊन ती आधी खुर्चीपुढे वाकली आणि मग कॉम्प्युटर बंद करायला गेली. तेव्हा दिसलं, मास्तरांच्या खाली आणखी एक फाइल होती. आकार शून्य. नाव: चिमणी.

तारीख टाकलेली नव्हती. जागा तेवढी धरून ठेवली होती.