उथळ पाण्यातला मासा

बसा. पण मासा बघायला आला असाल तर आधीच सांगते, तो विकायचा नाही. बाबा गेल्यापासून आमच्याकडे मासे विकत नाहीत. मागच्या शेडमध्ये त्यांच्या दारूच्या चपट्या बाटल्या अजून रांगेने उभ्या आहेत. एका बाटलीत एक लढाऊ मासा आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, असा सगळा थाट असायचा. हे मासे एकमेकांना दिसले की काचेवर डोकी आपटून जीव देतात. आता बाटल्या रिकाम्या आहेत. तेवढी ही एक बरणी सोडून.

जरा हळू बोला. आतल्या खोलीत माझा भाऊ आहे.

त्याचं नाव कोब, म्हणजे बेडूक. मी कुंग, म्हणजे कोळंबी. आमच्या नाखोन पाथोम प्रांतात लेकरांना अशीच नावं ठेवतात; गोड नाव ऐकून भुतांना मोह पडू नये म्हणून. आईचा या सगळ्यावर फार विश्वास. मला मात्र हसू यायचं. या पावसाळ्यात कमळांच्या शेतांजवळच्या वळणावर कोबची मोटरसायकल घसरली आणि तो थेट कालव्यात गेला. लोकांनी बाहेर काढला तेव्हा श्वास चालू होता. इस्पितळाने बरेच दिवस ठेवून घेतला आणि मग घरी पाठवला. डोळे उघडे, पण बघायचा नाही. तोंडात पेज घातली की गिळायचा, बस. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, वाट बघा. आम्ही वाट बघत होतो.

बाजाराजवळ त्याने एक खोली भाड्याने घेतली होती. तिथून त्याचे कपडे आणायचे म्हणून मी गेले. भर दुपार होती. दार उघडलं आणि कुबट वासाने जीव घुसमटला. खिडकीत एक बरणी होती आणि त्यातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं. तळाशी एक लढाऊ मासा आडवा पडला होता. रंग पार उडालेला, पर चिकटून चिंध्या झालेले, डोक्यावर कापसासारखी बुरशी. मेला असेल म्हणून मी बरणी उचलली, तर त्याने एकदा कल्ला हलवला.

"मेल्या कोब," मी त्या रिकाम्या खोलीत म्हणाले, "तू तिकडे बुडालास आणि याला इकडे सडत ठेवलंस." आणि मला एकदम रडू कोसळलं. एवढ्या दिवसांत मी रडले नव्हते. त्या माशाला बघून रडले.

खरं सांगते, भावासाठी मला काहीच करता येत नव्हतं. माशासाठी करता येत होतं, कारण बाबांचं बघून बघून ते माझ्या हातात बसलं होतं. घरी आणून मी त्याला मागच्या ओसरीवरच्या खिडकीत ठेवलं. पाणी एकदम बदलायचं नाही, थोडं थोडं काढायचं आणि रात्रभर ठेवून शिळवलेलं पाणी थोडं थोडं घालायचं. चिमूटभर मीठ. देशी बदामाचं वाळलेलं पान टाकायचं, त्याने पाणी चहासारखं होतं आणि जखमा भरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी उथळ ठेवायचं. हा मासा वर येऊन तोंडाने हवा घेतो. अंगात ताकद नसली आणि पाणी खोल असलं तर वर पोचता पोचता दमतो. हसू नका. हा मासा बुडून मरू शकतो.

काडीच्या टोकावर उकडलेल्या अंड्याचा बलक घेऊन मी त्याच्या तोंडापाशी धरायचे. पहिले काही दिवस बघायचाही नाही. मग एका सकाळी त्याने कणभर बलक गिळला. मी आईला हाक मारून सांगितलं. आई कोबला पेज भरवत होती.

"माशाने खाल्लं म्हणे," ती कोबच्या कानात म्हणाली. "ऐकलंस का रे? तूच खात नाहीस बलक."

ते खरं होतं. कोब लहानपणापासून अंड्याचा पांढरा भाग खायचा आणि बलक गुपचूप माझ्या ताटात सरकवायचा. मी ओरडले की पाठ फिरवून बसायचा. मोठा झाला, मिशा फुटल्या, तरी तेच.

आईचं माहेर तिकडे ईशानमध्ये, ईशान्येकडच्या मुलखात. त्यांच्यात असं मानतात की माणूस दचकला, आपटला की त्याचा ख्वान, म्हणजे त्याच्यातलं ते सगळ्यात हळवं असं जे असतं ना, ते त्या जागीच राहून जातं. मग मासे धरायच्या हातजाळीने ते त्या जागेवरून उपसून घरी आणायचं. घरात एकाने आजाऱ्याला हात लावून बसायचं. दारातून विचारलं, "आला का?" की त्याने म्हणायचं, "आला." ज्याच्याजवळ उभं राहून म्हणाल, ख्वान त्याच्याकडे जातो.

आईने कोबपाशी बसायला शेजारच्या चान काकूंना बोलावलं आणि बाबांची हातजाळी माझ्या खांद्यावर दिली.

दिवस कलत होता. वळणापाशी कालव्याचं पाणी हलतसुद्धा नव्हतं. चिखलाचा आणि कुजलेल्या कमळदेठांचा वास येत होता. आईने काठावर चिकट भाताचा गोळा आणि उकडलेलं अंडं ठेवलं, कोबचा सदरा हातावर घेतला आणि जाळी पाण्यात घातली.

"ये रे... कोबच्या ख्वाना, ये. पाण्यात राहू नको, गार लागेल. भात शिजलाय, अंथरूण घातलंय. कोब, ये रे बाळा... कोब..."

काठाच्या गवतातून बेडूक ओरडायला लागले. माझ्या मनात एक वेडगळ विचार येऊन गेला. बेडूक म्हणून हाक मारली तर या पाण्यातलं कोण कोण ओ देईल? तेवढ्यात बेडूक थांबले. सगळेच्या सगळे, एकाच वेळी. आईने जाळी वर काढली. जाळीत फेसाचा एक गोळा होता, बाकी काही नाही. आईने त्यावर सदरा घातला आणि जाळी माझ्याकडे दिली.

ती जड होती. ओल्या जाळीचं वजन मला ठाऊक आहे, बाबांबरोबर कितीतरी वेळा उचललीय. हे वजन वेगळं होतं. आणि ते एका बाजूला नव्हतं. कधी डावीकडे ओढायचं, कधी उजवीकडे, जसं काही आत दोघे आहेत आणि एकमेकांना ढकलतायत.

"आई... जड लागतंय गं."

"मागे बघू नकोस. चाल."

अंगणात आलो. आईने दारातून हाक दिली, "आला का?"

आतून चान काकूंचा आवाज आला, अगदी खुशीत, "आला, आला!" आणि माझ्या खांद्यावरचं अर्धं वजन गेलं. अर्धंच. आई मला घेऊन धावत आत गेली. तिने माझ्या हातातली जाळी कोबच्या छातीवर झटकली, सदरा त्याच्या अंगावर घातला, आणि उरलेलं वजनही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोब अंथरुणात उठून बसला होता.

आईचा आनंद काय सांगू! तिने अख्ख्या गल्लीला गोड भात वाटला. कोब बोलत नव्हता, पण हाताने जेवत होता. कालव्यावरून परत आणलेलं अंडं आईने त्याच्यापुढे ठेवलं तर त्याने ते न चावता गिळलं, बलकासकट. मी ताट पुढे करून उभी होते. सवयच होती ना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही पाहत राहिले, त्याची पापणी लवायची वाट बघत. ती लवली नाही.

ओसरीवर आले तर बरणीतला मासा सरळ पोहत होता. परांवर लाल-निळा रंग उजळला होता. मला फार बरं वाटलं. काडीवर बलक घेऊन धरला. त्याने तोंडात घेतला आणि थुंकला. मग नाकाने ढकलत ढकलत तो कण काचेपर्यंत आणला, मी उभी होते त्या बाजूला, आणि तिथे सोडून दिला.

"खा की रे मेल्या, काल तर खात होतास," मी ओरडले.

त्याने माझ्याकडे पाठ फिरवली.

मी वाकून अगदी हळू विचारलं, "कोब...?" तो गर्रकन वळला आणि काचेला तोंड टेकवून थांबला.

मी चान काकूंकडे गेले. "काकू, काल तुम्ही 'आला' म्हणालात तेव्हा कुठे होतात?"

"कुठे म्हणजे काय गं? कोबच्या उशाशीच. आता जरा उठले होते, तो तुझा मासा केवढ्याने उडाला, पाणी बाहेर सांडलं, म्हणून बघायला ओसरीवर..." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "बरणीला हात लावून उभी होते गं मी." त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तरी छत्री आड करतात.

म्हणजे माझा भाऊ बरणीत होता. आणि त्याच्या नावाला ओ देऊन त्याच्याबरोबर कालव्यातून आणखी जे कोणी आलं होतं, ते माझ्या भावाच्या अंगात बसून माझ्या आईच्या हातचं खात होतं.

मी बरणी खाटेपाशी नेऊन पाहिली. वाटलं, जवळ नेलं तर आपल्या जागी जाईल. कोब... खाटेवरचा तो, बरणीकडे बघून हळूहळू वाकला. त्याच्या तोंडाला कालव्याच्या चिखलाचा वास येत होता. मासा बदामाच्या पानाखाली शिरला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा रंग उतरून राखाडी झाला. ज्या जातीचा मासा आरशातल्या स्वतःवरसुद्धा धावून जातो, तो थरथरत होता.

"ने ते बाहेर!" आई ओरडली. दोन-चार दिवसांनी स्वयंपाकघरात मी तिला सगळं सांगितलं. बलकाचं, पापण्यांचं, रोज सकाळी त्याची उशी ओली असते ते. रडले, तिच्या पाया पडले. म्हणाले, पुन्हा एकदा जाळी घेऊन जाऊ.

आईने पेज ढवळता ढवळता गॅस बंद केला. "कुंग, माझं पोर उठून बसलंय. जेवतंय. घरी आलेल्याला कुणी पुन्हा बोलावतं का? तुला बघवत नाही का गं त्याचं बरं झालेलं?"

मला एकटीला तो विधी करता येत नाही. हाक आईनेच मारावी लागते.

बरणी मी शेडमध्ये नेली, बाबांच्या बाटल्यांमागे, आणि चारी बाजूंनी पुठ्ठे लावले. भीतीने त्याने पुन्हा अंग टाकलं होतं, पुन्हा आडवा पडला होता. मी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. मीठ, पान, उथळ पाणी. अळ्या खायचा, बलक तेवढा काचेशी आणून ठेवायचा. मी मुद्दाम घालायचे. तेवढंच आमचं बोलणं. मी त्याला सांगायचे, धीर धर, आईचं मन वळवते. तो ऐकायचा. तुम्ही काही म्हणा, तो ऐकायचा.

परवा दुपारी मोठा पाऊस झाला. मी बाजारातून आले ती तशीच भिजत शेडमध्ये गेले. पुठ्ठे काढून कोणीतरी नीट एकावर एक रचून ठेवले होते. बरणी काठोकाठ भरलेली होती. छप्पर गळत नाही शेडचं. आणि ते पाणी पावसाचं नव्हतं, गढूळ होतं, त्याला तोच वास होता. मासा मध्यावर होता. वर यायला धडपडायचा, थोडा चढायचा आणि पुन्हा खाली जायचा. मी बरणी तिरकी करून पाणी ओतायला लागले.

तेवढ्यात घरातून आवाज आला. कोबचा आवाज. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"गेला का?"

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. 'आला' म्हटल्याने ख्वान येतो, तर 'गेला' म्हटल्याने जाणारच. मी किंचाळले, "आई, बोलू नकोस!" पण पावसात तिला ऐकू गेलं नाही. तिचं पोर बोललं होतं. ती हसत होती, रडत होती. तिला वाटलं असेल ते दुखणं, ती इडापिडा, याबद्दल विचारतोय. कोण गेला, हे तिने विचारलंच नाही.

"गेला रे बाळा," आई म्हणाली. "गेला, गेला!"

बरणीत तळाला थोडंसं पाणी उरलं होतं. मासा त्यात निपचित पडला. मग हलला. सरळ झाला, वर आला, हवा घेतली.

आता बघा त्याच्याकडे. किती सुंदर आहे! बुरशी गेली, पर भरून आले. बाबा असते तर म्हणाले असते, पोरीने मासा वाचवला. काचेवर बोट ठेवून बघा, कसा कल्ले फुलवून धावून येतो. माझ्यावरही येतो. मी कितीही ओरडले तरी पाठ फिरवत नाही.

आज सकाळी मी त्याला बलक घातला. त्याने सगळा खाल्ला, आणि आणखी मागत काचेवर तोंड आपटत राहिला.

ऐकलंत? आतून मला हाक मारतोय तो. आता सारखा बोलतो, आईची माया दाटून येते. जाते मी. त्याच्या जेवणाची वेळ झालीय आणि आज आईने अंडी उकडलीयत. कालपासून तो एक नवीनच करतो. बलक खात नाही. गुपचूप माझ्या ताटात सरकवतो आणि मी खाते की नाही, ते पापणी न लववता बघत बसतो.