सगळ्या शिरा

मी कुवेंपुनगरातल्या एका कंपनीत पंपांची ड्रॉइंग काढतो. त्यात एक रेघ चुकली तर कुणी मरत नाही, फक्त बंगळूरहून ईमेल येतो. तरी आजवर एकही आलेला नाही. अचूकपणा हा माझा एकमेव गुण आहे. लग्नाच्या बायोडेटातही तेवढाच लिहिलाय.

माझी भाची भव्या पाच वर्षांची. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, त्यामुळे तिला तिन्ही भाषांत फक्त हट्ट करता येतो. दसऱ्याच्या सुट्टीत सुष्माताई म्हणाली, "हिला जरा अक्षरं शिकव. तुझी रेघ चांगली आहे, आणि तुला दुसरं काम काय?"

म्हणून जाड कागदाची वही आणली. एका अक्षराला एका झाडाचं पान. समोर ठेवून, शाईच्या पेनानं, जसंच्या तसं.

अ, अडुळसा. शेजारच्या रम्या आंटींच्या कुंपणातला. एकशे बारा शिरा मोजून काढल्या. भव्यानं शेजारी बसून तेच पान चार रेघांत संपवलं. मी म्हणालो, "आळस नको. एकही रेघ सोडायची नाही." अगदी प्रेमानं म्हणालो होतो.

संध्याकाळी मोहनराव काका आले. आमचं घराणं रंगाऱ्यांचं, लुगड्यांवर ठसे मारणारं. काकांनी शेवटचा ठसा मारला त्याला चाळीस वर्षं झाली. आता त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणजे ठसेच, पण विजेवर.

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. "कुठली शीर सोडलीस?"

"सोडली नाही काका. सगळ्या आहेत."

"अय्यो. सगळ्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पिशवीतून एक लाकडी ठसा घेऊन आले. त्यावरचं पान देखणं होतं, पण देठाजवळची एक शीर कोरलेलीच नव्हती.

"पान पुरं काढायचं नाही रे. एक शीर झाडाला ठेवायची."

"नाही ठेवली तर?"

"गोत्तिल्ला. ठाऊक नाही. आपल्यात कुणी पुरं काढलंच नाही."

"म्हणजे ठसा कोरणारा आळशी होता म्हणा की."

काका हसले नाहीत. एरवी ते दुकानाचं वीजबिल वाचूनही हसतात.

ते गेल्यावर रम्या आंटींनी कुंपणावरून हाक मारली. मी काही औषध मारलं का, असं विचारत होत्या. अडुळशाची पानं हिरवीच होती, पण कोरी. आकार होता, कड होती, आत एकही शीर नव्हती. उन्हाकडे धरून पाहिली, तर हिरवं प्लास्टिक कापून केल्यासारखी. मी म्हणालो, बुरशी असेल. बुरशीबद्दल मला काहीही माहीत नाही.

त्याच दुपारी आ, आंबा काढला. सगळ्या शिरांसकट, मुद्दाम. लगेच इ. भव्याला इडलीच हवी होती. इडलीला पान नसतं, पण खाली असतं, म्हणून परसातल्या केळीचं काढलं.

तिसऱ्या दिवशी ताईनं केळीच्या पानावर इडली वाढली. चटणी घसरत घसरत थेट माझ्या मांडीवर आली. मी पानावरून बोट फिरवलं. काचेसारखं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावरचा आंबाही कोरा झाला होता. कुंपणात अडुळशाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. पानं सकाळी एकदम गळाली, असं रम्या आंटी म्हणाल्या.

मी वही उघडली. कागद ओलसर आणि गार झाला होता, जरा फुगलाही होता. अडुळशाचा कडवट वास येत होता. देठाजवळची एक शीर ब्लेडनं खरवडली. रेघेतून हिरवा रस आला. थांबेना. टिपून टिपून माझा रुमाल भिजला.

वही कपाटावर टाकली आणि काकांच्या दुकानात गेलो.

"काका, एखादी शीर आता सोडली तर?"

ते कुणाच्या तरी मार्कशीटच्या प्रती काढत होते. "काढलेली कशी सोडणार?"

मशीनचा उजेड त्यांच्या हनुवटीवरून दोनदा गेला. मग त्यांनी विचारलं, "वही कुठे आहे?"

"कपाटावर."

"पोरगी?"

मी स्कूटर काढली.

हॉलमध्ये कपाटाला खुर्ची लावलेली होती. भव्या जमिनीवर बसली होती, वही शेवटाकडे उघडलेली. मधली सगळी अक्षरं तिनं कंटाळून सोडून दिली होती.

ह, हात.

डावा तळवा कागदावर ठेवून तिनं कड आखली होती. आत सगळं होतं. तळव्यावरच्या रेषा, पेरांच्या घड्या, बोटांच्या टोकांवरची केसाएवढी बारीक वळणं. पाच वर्षांच्या मुलीला असं काढता येत नाही. मलाही येत नाही.

"मामा, एकपण रेघ सोडली नाही." तिनं हात पुढे केला. "आता शाबास म्हण."

तळवा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत होता.

"शाबास," मी म्हणालो.

ताईनं दुधासाठी हाक मारली. भव्या उठून स्वयंपाकघरात गेली.

मी कागदावर बोट ठेवलं. बाकीचे कागद गार होते.

हा कोमट होता.

अडुळशाला दोन दिवस मिळाले होते.

करंगळीखाली एक आखूड रेघ होती. खरवडायचं नव्हतं. तेवढं माझ्यानं झालंही नसतं. ब्लेडचं टोक फक्त टेकवलं.

स्वयंपाकघरात भव्या खिदळली.

"मामा, गुदगुल्या नको ना."