टपावरचा हात

दोन टेकड्यांच्या बेचक्यात ते गॅरेज होतं, आणि तिथे कुठलंच स्टेशन धड लागायचं नाही. म्हणून तर धंदा चालायचा म्हणा. इथे बोलला तो रेडिओ कुठेही बोलणार, अशा खात्रीने गाडीवाले लांबून यायचे.

गॅरेज दोघा भावांचं. थोरल्याचं काम चोख. एरियलच्या भोकाभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, अर्थची तार पक्की बसवायची, चिरलेली केबल बदलायची. मग एखादं मरतुकडं स्टेशन पकडून रेडिओच्या कडेचा बारीक स्क्रू केसभर केसभर फिरवत बसायचा. एवढी मान मोडून काय, तर खरखर. तेवढ्यात धाकटा भाऊ यायचा चहाचा कप घेऊन, टपावर डावा हात ठेवायचा, आणि बातम्यांची बाई शेजारी बसल्यासारखी बोलायला लागायची. हात काढला तरी आवाज टिकायचा.

"धाकट्याच्या हाताला गुण आहे," गिऱ्हाइकं म्हणायची. बारा वर्षं थोरला हे ऐकत होता. एकदा तर बायकोच बोलून गेली, "भावजींना बोलवा ना, कशाला जीव काढता?" त्या दिवसापासून त्याला घरचं जेवण गोड लागेना.

एका दुपारी धाकटा सामान आणायला गेला होता. टॅक्सीवाले काका गाडी लावून बाकड्यावर पेपर वाचत बसले. थोरल्याने सगळं सगळं केलं. खरखर. त्याने काकांकडे एकदा बघितलं आणि चोरासारखा टपावर हात ठेवला.

खरखर थांबली. स्टेशन मात्र लागलं नाही. नुसती शांतता, आणि आत कुणीतरी कागद चाळत असल्याचा आवाज. मग ती बाई अगदी बातम्यांच्या सुरात म्हणाली, "कोण?"

त्याने हात मागे घेतला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तळहात गार पडला होता.

"लागलं का हो?" काकांनी विचारलं.

"बघतोय."

धाकटा आला तसा थोरल्याने त्याला टायरांच्या ढिगामागे ओढला. "तुलाही विचारते ती?"

धाकट्याने हातातली पिशवी सावकाश खाली ठेवली. "विचारते. मनातल्या मनात नाव सांगायचं. नाव मिळालं की लावून देते."

"मग बारा वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

धाकटा पायाने एक नट इकडेतिकडे करत राहिला. "दादा, मी तुझं नाव सांगतो. पहिल्यापासून. माझं द्यायची भीती वाटली."

दुसरा कुणी असता तर हादरला असता. थोरला पेटला. "वा रे वा. नाव माझं, आणि गुण तुझ्या हाताला."

"तू हात नको लावू. मी सांगतो तोवर ठीक आहे. ती दर वेळी विचारते, 'ते स्वतः कधी येणार?'"

"मग येतो की."

धाकट्याने त्याचं मनगट धरलं. थोरल्याने ते झटकलं. काका पेपर ठेवून जवळ आले होते. त्यांच्यादेखत त्याने टपावर हात पसरला.

"कोण?"

त्याने नाव सांगितलं. बापाच्या नावासकट.

कागद चाळले गेले. पुष्कळ कागद.

मग बातम्या लागल्या. इतक्या स्वच्छ की बाईचा श्वास ऐकू यावा.

काका खूश झाले. जाताना त्यांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "शिकवलंस की शेवटी दादाला."

टॅक्सी टेकडी चढून दिसेनाशी झाली.

थोरला होता तिथेच उभा होता. हात अजून टपाच्या उंचीवर, हवेत. गॅरेजात एकही रेडिओ चालू नव्हता. बाई हवामान सांगत होती.

"ऐकू येतंय का रे काही?" त्याने विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला, आणि पाठ फिरवून केबल गुंडाळायला लागला. ओठातल्या ओठात शीळ घालत.

हवामान संपलं. बाईने कागद सारखे केले आणि त्याच सुरात विचारलं, "घरात अजून कोण आहे?"

थोरल्याने भावाच्या पाठीकडे बघितलं. काकांची थाप पडली होती तिथे.

मग त्याने नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, लिहून घेणाऱ्याला सांगतात तसं.