उमरगा आणि मुरुममधले तीन मिलिमीटर

उमरग्याला हायवेच्या कडेला मल्लिनाथची लाकडाची वखार आहे. शनिवारी दुपारी शाहीन तिथं भुशाच्या ढिगापुढं बसून चहाच्या गाळणीनं भुसा चाळत होती. जेवणाची सुट्टी असल्यामुळं करवत थांबली होती. सागाचा गोडसर वास, पत्र्याच्या भोकांतून उतरलेले उन्हाचे कवडसे, आणि गाळणीतून पिठासारखा पडणारा बारीक भुसा... ती आपल्याच नादात होती.

"जरा सरकता का?"

तिनं वर बघितलं. उंच, सावळा तरुण. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर अडकवलेला. आणि हातात — या अल्ला! — चहाची गाळणी.

दोघं एकमेकांच्या गाळणीकडं बघत राहिले.

"तुम्ही... हे कशासाठी?" त्यानं विचारलं.

"तुम्ही कशासाठी?"

"मी आधी विचारलं."

"पण भुशापाशी आधी मी आले."

तो हसला. हसला तेव्हा त्याच्या हनुवटीला लागलेला हिरवा रंग तिला दिसला, आणि शाहीननं ओळखलं. हा तर सोहेल! मुरुमचा सोहेल! 'बेटा, मल्लिनाथच्या वखारीतला भुसा घे, चहाच्या गाळणीनं चाळ, मग हिरवा रंगव,' असं त्याला चारच दिवसांपूर्वी तिनंच तर लिहिलं होतं.

"भाचीचा शाळेचा प्रकल्प आहे," ती घाईघाईनं म्हणाली.

"माझंपण... तसलंच काहीतरी," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

चला, दोघंही खोटं बोलून मोकळे झाले! आता हे काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, भुशासाठी कुणी इतकं लाजतं का?

उमरग्याला रेल्वे नाही. मुरुमलाही नाही. तरी या जिल्ह्यात अकरा माणसं अशी आहेत, जी सुट्टीच्या दिवशी घरात बसून रेल्वे बांधतात. खऱ्या गाडीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. चार फुटी फळीवर रूळ, फलाट, सिग्नल, भुशाचं गवत, सगळं. त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे आणि त्याचे कर्तेधर्ते बेंबळीचे हिंमतराव, निवृत्त हेडमास्तर. नियम एकच. रविवारी दिवेलागणीला प्रत्येकानं आठवड्यात केलेल्या कामाचा फोटो टाकायचा. काहीच केलं नसेल, तर 'काही झालं नाही' असं लिहून आहे तसा फोटो टाकायचा. सबब चालत नाही. हिंमतरावांनी तर स्वतःच्या नातवाच्या बारशादिवशीसुद्धा सिग्नलचा फोटो टाकला होता, नातवाचा नव्हे.

या ग्रुपात सगळ्यात मान कुणाला? उमरग्याच्या लालमहंमदचाचांना. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हात. पण दीड वर्षापूर्वी तो हात थरथरायला लागला. आधी चिमटा निसटायचा, मग कपातला चहा सांडायला लागला, शेवटी दुकान बंद झालं. त्या दिवशी ते लेकीला, शाहीनला, म्हणाले होते, "ग्रुपवर कळू देऊ नको बेटा. दुकान गेलं तर गेलं. पण तिथं मला अजून कारागीर म्हणतात."

शाहीननं शब्द दिला. तेव्हापासून काम तिचं, फोटो तिचा, लिहिणंही तिचंच. नाव तेवढं अब्बांचं. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, त्यामुळं हात मुळीच हलत नसे. सुरुवातीला अब्बा शेजारी बसून मजकूर सांगायचे. मग कंटाळले. "तूच लिही, तुला येतंय," म्हणून फोन तिच्याकडंच देऊन टाकला.

आणि मग सोहेलचे वेगळे मेसेज यायला लागले.

त्याचं मुरुमला मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान. आधी तो प्लास्टर कसं मिसळायचं तेवढंच विचारायचा. मग हळूहळू मनातलं लिहायला लागला. एकदा त्यानं लिहिलं, 'चाचा, माझी सोयरीक मोडली. मुलीकडचे घरी आले, माझी फळी बघितली आणि हसले. म्हणाले, पोरगा अजून खेळण्याशी खेळतोय.'

शाहीननं त्या रात्री उत्तर दिलं, 'बेटा, ज्याला हात चालवायला येत नाही, त्यालाच हसू येतं. तू काम कर.'

चाचाच्या नावानं लिहिलं होतं, पण राग मात्र तिचा होता. त्या न बघितलेल्या मुलीचा तिला इतका राग का आला, ते तिलाही कळलं नाही. पुढं पुढं तर रविवारच्या फोटोपेक्षा त्याच्या मेसेजची वाट बघणं जास्त व्हायला लागलं. कळत होतं हो तिला सगळं! पण स्वतःशी कबूल करायला बाईमाणसाला जरा वेळ लागतो.

वखारीतल्या भेटीनंतरच्या रविवारी सोहेलनं ग्रुपवर गवताचा फोटो टाकला, आणि लगेच चाचांना वेगळा मेसेज.

'चाचा, एक विचारू? वखारीत एक मुलगी भेटली. तुमच्या उमरग्याचीच हाय. निळी ओढणी. माझ्यासारखीच गाळणीनं भुसा चाळत होती. नाव विचारायची हिंमत झाली न्हाय. पण चाचा... तिच्यापुढं मला माझ्या खेळण्याची लाज वाटली न्हाय. ओळखता का तुम्ही तिला?'

शाहीननं फोन उशीखाली दडवला. परत काढला. परत वाचला. हसू येत होतं आणि रडूही. 'मीच ती' असं लिहायचं, तर अब्बांचं गुपित उघडं पडणार. न लिहावं, तर बापाच्या नावाआडून त्याच्या मनातलं ऐकत बसल्यासारखं होणार. ही कसली चोरी! दोन आठवडे तिनं टोलवाटोलवी केली. तिसऱ्या आठवड्यात मन घट्ट केलं आणि लिहिलं, 'बेटा, विसर तिला.'

लिहून स्वयंपाकघरात गेली, तर कांदा न चिरताच डोळ्यांना पाणी.

उत्तर आलं. 'चाचा, आजवर तुमचं सगळं ऐकलं. हे न्हाय ऐकणार.'

जानेवारीत धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात ग्रुपचं संमेलन होतं. वर्षभर ज्यानं त्यानं आपापल्या घरी केलेल्या फळ्या त्या दिवशी एकमेकींना जोडायच्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गाडी चालवायची. मुरुमची फळी उमरग्याला लागून होती. अब्बा हट्टाला पेटले, "फळी माझ्या नावाची हाय. मी जाणार."

"मी पण येते मग," शाहीन म्हणाली.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि पहिला दिसला तो सोहेलच. हातातला स्क्रू खाली पडला त्याच्या.

"तुम्ही? इथं?"

"अब्बांबरोबर आले."

"आणि... भाचीचा प्रकल्प?"

"झाला. पास झाली ती."

"किती मार्क पडले?"

"तुमच्या प्रकल्पापेक्षा जास्तच."

तो हसायला लागला, आणि मधेच थांबला. 'अब्बा' म्हणजे कोण, ते त्यानं आत्ता बघितलं. तिच्यामागून व्हॉट्सॲपच्या फोटोतले लालमहंमदचाचा काठी टेकत येत होते. पोराच्या तोंडचं पाणीच पळालं! म्हणजे ज्या मुलीबद्दल आपण चाचांना रविवारमागून रविवार लिहीत होतो, ती त्यांचीच लेक? म्हणून चाचा म्हणाले, विसर तिला!

तो तडक चाचांपुढं जाऊन उभा राहिला. "चाचा, मला माफ करा. खरंच माहीत नव्हतं मला. माहीत असतं तर असलं काही लिहिलं नसतं."

"कसली माफी?" अब्बा गोंधळून म्हणाले. "काय लिहिलंस?"

शाहीनला वाटलं, जमीन दुभंगावी. तेवढ्यात हिंमतरावांनी हाक मारली, "मुरुम, उमरगा! या, फळ्या लावा."

फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. बोल्ट आवळले. आणि सगळे बघत राहिले. मुरुमचा रूळ आणि उमरग्याचा रूळ समोरासमोर आलेच नाहीत. मध्ये तीन मिलिमीटरचा फरक. गाडी आली असती तर थेट कोलमडली असती.

नियम असा की, रूळ फळीच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर हवा. हिंमतरावांनी स्टीलची पट्टी लावली. मुरुम बरोबर. उमरगा चूक. त्यांनी चष्मा वर केला. "लालमहंमदभाई, हे प्लास्टिकच्या शाळेच्या पट्टीनं मोजलेलं दिसतंय. त्या पट्टीचा शून्य कडेपासून जरा आत असतो, पोरं दरवर्षी तीच चूक करतात. पण तुम्ही? तुमच्याकडून असली चूक?"

कुणीतरी मागं हळूच म्हणालं, "वय झालं आता चाचांचं."

अब्बांनी लेकीकडं बघितलंही नाही. "चूक माझीच हाय," एवढंच म्हणाले आणि टेबलावरची सोल्डरिंगची कांडी उचलली. टोकाचा विताभर रूळ सोडवून, जरा वळवून, पुन्हा पक्का करायचा होता. कधीकाळी त्यांनी हे बोलता बोलता केलं असतं. हात रुळाजवळ गेला आणि थरथरायला लागला. तापलेलं टोक फलाटाला लागलं, छपराचा कोपरा वितळला.

शाहीननं त्यांच्या हातातून कांडी काढून घेतली.

"द्या अब्बा. चूक माझी आहे." ती वळली. "हिंमतकाका, ही फळी मी केली. दीड वर्ष फोटोही मीच टाकते. मेसेजही... सगळे मीच लिहिते. अब्बांना नावं ठेवू नका. त्यांनी आयुष्यात असली चूक केली नाही."

हे बोलताना ती सोहेलकडं मुळीच बघत नव्हती. पण त्याचे डोळे आपल्यावर रोखलेत, हे तिला पाठमोरीसुद्धा कळत होतं.

हिंमतराव अब्बांशेजारी खुर्ची ओढून बसले. "पोरीला हे शिकवलं कुणी?"

"मीच," अब्बा पुटपुटले.

"मग कारागीर कोण झालं? आणि इतके दिवस आम्हाला परकं समजला व्हय?" त्यांनी अब्बांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अब्बांनी मान खाली घातली, पण हात काढून घेतला नाही.

इकडं शाहीन रुळावर वाकली. सोल्डर करायचं तर रूळ कुणीतरी चिमट्यानं धरून ठेवायला हवा. पलीकडून एक चिमटा पुढं आला. हात सोहेलचा होता. चेहरा मात्र गंभीर.

"म्हणजे," तो इतक्या हळू बोलला की तिलाच ऐकू यावं, "मी सगळं तुम्हालाच लिहीत होतो."

"व्हय."

"सोयरीक मोडल्याचं. ओढणीचं. सगळं."

"सगळं."

"हसला असाल की माझ्यावर."

तिनं कांडी बाजूला ठेवली. अशा वेळी बायकांनी लाजायचं असतं म्हणतात, पण ही रक्त काढणारी मुलगी, घाव चुकवायची सवय नव्हती तिला. "एकदाही हसले नाही. तुमचा मेसेज आला नाही तर मला जेवण जायचं नाही. नाव खोटं होतं, त्याची माफी मागते. पण मी लिहिलेलं एक अक्षरसुद्धा खोटं नव्हतं." ती क्षणभर थांबली. "एक सोडून."

"कोणतं?"

"विसर तिला, म्हणाले ते."

चिमटा हलला. रूळ जरा सरकला.

"नीट धरा," ती म्हणाली. "पुन्हा चुकलं तर काका मला शाळेत बसवतील."

"धरलंय," तो म्हणाला. गंभीरपणा कुठल्या कुठं गेला होता. "आता सोडणार न्हाय."

सोल्डरचा थेंब चमकला, धुराची बारीक रेघ दोघांच्या मधून वर गेली, आणि रूळ जुळला. हिंमतरावांनी बटण दाबलं. छोटं निळं इंजिन चार डबे घेऊन मुरुमच्या हिरव्या गवतातून निघालं, सांध्यावर बारीकसं टक वाजलं, आणि ते उमरग्याच्या फलाटावरून सरळ पुढं गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात अब्बांनी.

टाळ्यांच्या गलक्यात सोहेल तिच्याजवळ सरकला. "माझ्या अब्बांना पुढच्या रविवारी तुमच्या घरी पाठवू? तुमच्या अब्बांशी बोलायला..."

"रविवारी नको," शाहीन म्हणाली.

त्याचा चेहरा एवढासा झाला.

"रविवारी फोटो टाकायचा असतो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं. "शनिवारी पाठवा."